नवीन अल्बमची टूर आणि आपलं "जुनं वाजव रे!" : या, अनुभव लिहा

मेखरी_सर्कल
परवा भाचा कॉन्सर्टवरून आला तो तोंड पाडूनच. म्हटलं काय रे, साउंड बेकार होता का? तर म्हणे, "मामा, अर्धा वेळ नवीन अल्बमच वाजवत बसले, आम्ही काय त्यासाठी एवढे पैसे मोजले?" मी हसलो, पण रात्री झोप येईना, डोक्यात बेंगलोर सुरू झालं ते थांबेचना.

तर मार्च २००७. पॅलेस ग्राउंड्स. आयर्न मेडन. हल्लीच्या पोरांना सांगून कळायचं नाही, पण तोवर एवढा मोठा मेटल बँड आपल्याकडे फिरकलाच नव्हता. आम्ही पुण्यात इंजिनिअरिंगला, सबमिशन तोंडावर, पाडवा दोन-तीन दिवसांवर, घरून आईचे फोन की सणाला येतोयस ना, आणि आमचं डोकं भलतीकडेच. टूर होती 'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ' या अल्बमची. ऑगस्ट २००६ ला आलेला. दहा गाणी, बहात्तर मिनिटं, चार मिनिटांच्या आत संपेल असं एकही नाही, सगळी युद्ध, देव, मरण यांवर. आणि बाहेरून बातमी अशी आलेली की ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत टूर सुरू झाली तेव्हापासून हे लोक आख्खा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत ओळीने वाजवतायत आणि मग जुनी फक्त पाच. हॉस्टेलवर हाहाकार. एक रूममेट म्हणाला हे म्हणजे बहात्तर मिनिटांचं लेक्चर झालं, निदान अटेंडन्स तरी देणार का.

मग ठरलं, पाठच करून टाकू. सीडी एकाकडेच होती, बाकीच्यांनी उतरवून घेतली. शब्दांचे प्रिंटआउट लॅबमध्ये मारले (सर समजले प्रोजेक्ट रिपोर्ट आहे). मेसमध्ये वरणभात खाताना एकमेकांना ओळी विचारायचो.

आणि तिथे गेल्यावर कळलं की नवीन वर्षात त्यांनी यादीच बदलली होती! 'द नंबर ऑफ द बीस्ट'ला पंचवीस वर्षं झाली म्हणून त्यातली गाणी घातलेली आणि नवीन अल्बमची पाचच ठेवलेली. आम्ही दहाच्या दहा घोकून बसलेलो. पण सांगायचं ते पुढेच आहे. 'फॉर द ग्रेटर गुड ऑफ गॉड' लागलं, नऊ मिनिटांच्या वर आहे ते, मला वाटलं आता आजूबाजूचे खाली बसणार, बाटल्या उघडणार. तर मागून, डावीकडून, सगळीकडून तोच कोरस. ईशान्येकडची पोरं, चेन्नईची पोरं, कुठली कुठली, सगळ्यांनीच आपापल्या हॉस्टेलवर हाच उद्योग केलेला. गायक ब्रूस डिकिन्सनने त्या वेळी काय केलं ते मला आठवत नाही, मला आम्हीच आठवतो.

तर तुमचं सांगा. नवीन अल्बमच्या टूरला गेलायत का कधी? बँड कुठलाही चालेल, देश कुठलाही. आणि नवीन गाण्यांना काय केलंत, ऐकलीत की बाथरूमची लाइन धरलीत? खरं खरं लिहा.

सोलापुरी_चादर
उद्यान एक्सप्रेस!!! शुक्रवारची!!! आम्ही सोलापूरला दुपारी चढलो तर आख्ख्या डब्यात काळे टीशर्ट. एक काका बराच वेळ बघत होते मग विचारतात काय रे पोरांनो सबरीमलाला निघालात काय, मग स्वतःच म्हणे पण आत्ता मार्चात कुठं सबरीमला. आमच्यातला एक म्हणाला काका आमचा स्वामी वेगळा आहे. काकांनी शेंगाचटणी आणि कडक भाकरी दिली वाटून. वाडीला गाडी थांबली तेव्हा प्लॅटफॉर्मवर पण गाणी चालू

मेखरी_सर्कल
@सोलापुरी_चादर अरे आम्ही पण त्याच गाडीत!! पुण्याहून. एस ७ का ८. गिटार घेऊन एक टकला होता बघ

सोलापुरी_चादर
टकला नाही आठवत. चटणी आठवते

शमा_कोथरूड
मी पण होते तिथे, नवरा (तेव्हा नुसता मित्र, घरी सांगितलेलं मैत्रिणीच्या बहिणीचं लग्न आहे) घेऊन गेलेला. मला मेडनचं एकही गाणं माहीत नव्हतं त्यामुळे नवीन जुनं हा प्रश्नच नाही, माझ्यासाठी सगळीच नवीन. खरं सांगू का त्यामुळे मला मजा आली. नवरा प्रत्येक गाण्याआधी ताणात, आता कुठलं वाजवतील, हे वाजवलं का, ते राहिलं का, आणि मी आपली निवांत. मला सगळ्यात आवडलं ते आधी वाजवून गेलेलं दिल्लीचं परिक्रमा, त्यात एकजण व्हायोलिन वाजवतो, मेटलच्या गर्दीसमोर व्हायोलिन घेऊन उभं राहायचं म्हणजे काय छाती पाहिजे. त्याच्यानंतर मेडनच्या बास गिटारवाल्या स्टीव हॅरिसची मुलगी लॉरेन पण गायली. लोक तिला फार चांगलं वागले नाहीत असं मला वाटलं, बापाचं नाव घेऊन ओरडत होते, बिचारी.

आणि धूळ! लाल धूळ. ओढणी नाकाला बांधून उभी. बायकांची तपासणीची लाइन एवढीशी, आम्ही पाच मिनिटांत आत, नवरा पाऊण तासाने आला. आत बायकांच्या बाथरूमला तर लाइनच नाही. आयुष्यात पुन्हा असं झालं नाही.

लेगस्टंप
कोणीच कसं लिहिलं नाही की त्याच दिवशी भारत बांगलादेश होती??? वर्ल्ड कप, पोर्ट ऑफ स्पेन, १७ मार्च. आपल्याकडे संध्याकाळी सुरू झालेली. मी मैदानात आणि बाबांना सांगून ठेवलेलं की विकेट गेली की एसएमएस करा. नेटवर्क भरलेलं, मेसेज यायचेच नाहीत, मग एकदम तीन. सेहवाग गेला. उथप्पा गेला. सचिन गेला. मला वाटलं बाबा चेष्टा करतायत. नवीन गाणी कुठली जुनी कुठली काय माहीत नाही राव, मी खिशात हात घालून उभा. बाहेर आलो तर टपरीवर टीव्ही, आपले १९१ ला गुंडाळले आणि ते तमिम नावाचं सतरा वर्षांचं पोरगं झहीरला पुढे सरसावून हाणतंय. दोनेकशे काळे टीशर्टवाले फुटपाथवर सुतकी चेहऱ्याने. लोकांना वाटलं असेल शो पडला

शमा_कोथरूड
@लेगस्टंप हो हो हो!! नवरा त्यामुळे परतीच्या बसमध्ये बोलतच नव्हता आणि मला वाटलं माझ्यावर चिडलाय

लेगस्टंप
गांगुली ६६ युवराज ४७ नाहीतर शंभर पण नसते झाले

रंगभवनी
तरुण मंडळी, आमचं थोडं जुनं ऐका. धोबी तलावचं रंगभवन ज्यांना माहीत आहे त्यांना आता गुडघे दुखत असतील. ऐंशीच्या दशकात आमच्याकडे उलटाच प्रकार होता. बाहेरचे बँड येत नसत, त्यामुळे आपली पोरं त्यांची गाणी वाजवत आणि जो हुबेहूब वाजवेल तो मोठा. मुंबईचेच रॉक मशीन स्वतःची गाणी वाजवायला लागले तेव्हा पब्लिकमधून काय काय ओरडा व्हायचा, पर्पल वाजव, झेपेलिन वाजव. स्वतःचं गाणं म्हणजे आगाऊपणाच. तरी त्यांनी रेटलं आणि १९८८ ला स्वतःचा अल्बम काढला, 'रॉक अँड रोल रेनेगेड'. मी कॅसेट घेतली होती, अजून आहे, वाजत नाही.

नंतर ते इंडस क्रीड झाले, मग बंद पडले, आणि इतक्या वर्षांनी पुन्हा एकत्र येऊन २०१२ ला नवा अल्बम, 'इव्हॉल्व्ह'. मी मुलाला घेऊन ऐकायला गेलो. उदय बेनेगल, महेश तिनईकर, केस पांढरे, पण वाजवणं काय स्वच्छ! आणि आमच्याच वयाची माणसं मागून 'प्रिटी चाइल्ड, प्रिटी चाइल्ड'. ज्यांच्या स्वतःच्या गाण्यांना आम्ही एकेकाळी नाकं मुरडली त्यांचंच ते गाणं आता आमचं जुनं झालं होतं. मुलगा मला म्हणाला बाबा, नवीन गाणी जास्त चांगली आहेत. मी त्याला चूप म्हटलं कारण मला ऐकायचं होतं.

रंगभवन शांतता क्षेत्रात गेलं आणि बंदच झालं. शेजारी हॉस्पिटल, कॉलेज, कोर्ट. नियम बरोबरच आहे, पण तशी जागा पुन्हा झाली नाही.

गिरगावकर
रंगभवन +१. आय रॉकला (तो दरवर्षीचा रॉकचा जलसा) भिंतीवर बसून ऐकलंय. तिकीट कशाला काढायचं

ठाणेकर_लंडनात
मी तो "आख्खा अल्बम"वाला शो पाहिलाय! डिसेंबर २००६, अर्ल्स कोर्ट. तेव्हा नवीनच आले होते इकडे, ओळखीचं कोणी नाही, ख्रिसमसच्या आधीचे दिवस, सगळे घरी जायच्या गडबडीत, आणि मी एकटीच तिकीट काढून गेले. स्टेजवर युद्धाचा देखावा, वाळूच्या गोण्या, नंतर रणगाड्यावर बसून तो एडी, मेडनच्या कव्हरवरचा सांगाडा. बहात्तर मिनिटं सलग नवीन. तिसऱ्या चौथ्या गाण्याला माझ्या रांगेतले जाडजूड काका उठून बीअरला गेले, एकजण येता-जाता माझ्या पायावर पाय देत चारदा गेला. पण 'द लाँगेस्ट डे' लागलं, नॉर्मंडीवर उतरलेल्या सैनिकांचं, तेव्हा मात्र कोणी हललं नाही. यांच्या आज्या-आजोबांचं युद्ध ते. आपण ते इतिहासाच्या पुस्तकात दोन मार्कांना वाचलेलं.

मला वाटतं ओळीने सगळं वाजवण्यात एक अट्टल हट्टीपणा आहे आणि तो मला आवडतो. पस्तीस पौंडांच्या आसपास दिले होते बहुतेक, तेव्हाच्या माझ्या पगारात ते भयंकर होते. घरी आईला फोनवर सांगितलं शास्त्रीय संगीताला गेले होते. लांबलचक होतं, लोक मधूनमधून डोळे मिटत होते, तसं खोटं नाहीये.

मेखरी_सर्कल
@ठाणेकर_लंडनात 😂😂 हेवा वाटतोय. आम्ही पाठ केलेलं तुम्ही ऐकलंत

बीकेसी_धुरळा
मला एक कळत नाही हे नवीन गाण्यांचं कौतुक कशाला. १ फेब्रुवारी २००८, बीकेसी, मुंबई. तीच मेडन. जगाची टूर आपल्या मुंबईत सुरू झाली, स्वतःचं बोईंग ७५७ घेऊन आले, गायकच पायलट. आणि नवीन गाणं शून्य. सगळी ऐंशीतली. पहिल्यापासून शेवटपर्यंत घसा फाटेपर्यंत गायलो. याला म्हणतात कॉन्सर्ट. बेंगलोरवाल्यांनी एक वर्ष थांबायला हवं होतं

मेखरी_सर्कल
सगळी ऐंशीतली नाही. 'फिअर ऑफ द डार्क' होतं त्यात, ते १९९२ चं. 😌 आणि त्या टूरला नवीन अल्बम नव्हताच, नावच मुळी 'समव्हेअर बॅक इन टाइम', जुन्याचीच टूर ती.

बीकेसी_धुरळा
बरं मास्तर

मेलबर्नची_वहिनी
आमचा किस्सा एसी/डीसी बँडचा, चालेल ना? फेब्रुवारी २०१०, 'ब्लॅक आइस'ची टूर, इथल्या मोठ्या स्टेडियममध्ये. सासरे तेव्हा मिरजेहून आलेले, सासूबाईंचं मागच्याच वर्षी झालेलं, घरात एकटे कसे ठेवायचे म्हणून ह्यांनी त्यांचंही तिकीट काढलं. मी म्हटलं अहो अप्पांना घेऊन कुठे निघालात, तर हे म्हणे बघू. अप्पा रेल्वेतले. आख्खी नोकरी मिरजेला लोकोत, ब्रॉडगेज मीटरगेज नॅरोगेज तिन्ही बघितलेला माणूस. स्टेडियममध्ये त्यांना कापसाचे बोळे दिले कानात घालायला आणि मी देवाचं नाव घेत बसले.

शो सुरू झाला आणि स्टेज दुभंगून मधून एक अवाढव्य वाफेचं इंजिन बाहेर! पहिलं गाणंच 'रॉक अँड रोल ट्रेन', नवीन अल्बममधलं. अप्पा उभे राहिले. ह्यांना ओरडून विचारतात, "अरे हे इंजिन खरं आहे का? चाकं मोज!" पुढचे दोन तास त्यांनी गाण्यांकडे लक्षच दिलं नाही, इंजिनाकडे बघत बसले, बफर चुकीचा लावलाय, धूर तिथून येत नाही वगैरे. तो शाळेच्या युनिफॉर्ममधला अँगस यंग धावत पुढे आला तेव्हा म्हणाले हा पोरगा कोण. म्हटलं अप्पा तो पोरगा नाही, पंचावन्नला आलाय. "मग अर्ध्या चड्डीत काय करतोय?"

जुनी गाणी लागली तेव्हा पूर्ण स्टेडियम वेडं आणि अप्पांना आवडलं एकच, ते नवीन, ट्रेनवालं. बाहेर लाल लुकलुकणारी शिंगं विकत होते, ह्यांनी घेतली, अप्पांनी घातली आणि फोटो काढला. तो फोटो पुढे मिरजेच्या घरी टीव्हीवर फ्रेम करून ठेवलेला होता. येणारेजाणारे विचारायचे. अप्पा सांगायचे ऑस्ट्रेलियाच्या रेल्वेच्या कार्यक्रमाला गेलो होतो.

शमा_कोथरूड
अप्पा 😂😂😂❤️

सोलापुरी_चादर
चाकं मोज हे भारी होतं

गिरगावकर
वहिनी अप्पांना नमस्कार सांगा

मेलबर्नची_वहिनी
@गिरगावकर अप्पा जाऊन सहा वर्षं झाली भाऊ. पण सांगते.

बाळूची_आई
सॉरी विषय सोडून विचारते, बेंगलोरचे बरेच लोक दिसतात इथे, मुलीला इंटर्नशिप लागली आहे हेब्बाळला, मुलींचं चांगलं पीजी कुठे मिळेल? घरचं जेवण असलं तर बरं

गेनवाला
मी साउंडवाला. पुण्यात. गणपतीपासून लग्नाच्या संगीतापर्यंत सगळं करतो, अधूनमधून कॉलेजच्या बँडांचं. मागून कन्सोलवरून जे दिसतं ते सांगतो. जुनं गाणं लागलं की मिक्स वाईट असला तरी कोणाला कळत नाही, शब्द लोकांच्या डोक्यातच असतात, ते स्वतःच भरून घेतात. नवीन गाण्याला तसं नाही, शब्द ऐकू आले नाहीत की पब्लिक हरवलं, पहिल्या कडव्यातच फोन बाहेर निघतात. म्हणून नवीन गाणं असलं की मी गाणाऱ्याचा आवाज थोडा वर घेतो, गिटारवाले तोंड वाकडं करतात, करू देत. आणि दुपारी रिकाम्या मैदानात साउंडचेकला जे छान वाटतं ते संध्याकाळी माणसं भरली की बसतं, माणसांचे अंग-कपडे वरच्या फ्रिक्वेन्सी खाऊन टाकतात, सगळं गुबगुबीत. त्यात नऊ मिनिटांचं नवीन गाणं म्हणजे डोक्याला ताप.

वर ज्या मेडनच्या अल्बमचं चाललंय त्याला मास्टरिंगच (शेवटी आवाज घासूनपुसून मोठा करतात ते) केलेलं नाही, माहितीये का? स्टीव हॅरिसला स्टुडिओत जसं ऐकू आलं तसंच हवं होतं. म्हणून बाकीच्या सीड्यांच्या तुलनेत हळू वाटतो, वॉल्यूम वाढवून ऐका मग कळेल.

बाकी टूरचं म्हणाल तर पूर्वी टूर म्हणजे अल्बमची जाहिरात, कॅसेटी सीड्या खपाव्यात म्हणून. आता सीडी घेतंय कोण. पैसा तिकिटात आणि टीशर्टात. त्यामुळे आता अल्बम हीच टूरची जाहिरात. बँडला नवीन गाणी वाजवायची असतात कारण जुनी वाजवून त्यांना स्वतःला कंटाळा आलेला असतो, हे कोणी बोलत नाही पण मी स्टेजमागे बघितलंय.

अमुकतमुक
नवीन अल्बमची टूर म्हटलं की गन्स एन रोझेस. 'चायनीज डेमोक्रसी'ची टूर २००१ च्या १ जानेवारीला सुरू झाली आणि अल्बम आला नोव्हेंबर २००८ ला. बाजारात तुरी म्हणतात ते हेच. मुंबईत आले डिसेंबर २०१२ ला तोवर नवीन अल्बम चार वर्षांचा घोडा झालेला. गायक एक्सल होता, टोपीवाला गिटारिस्ट स्लॅश नव्हता. मी आख्खा वेळ टोपीवाला शोधत होतो

बीकेसी_धुरळा
@अमुकतमुक ते पण बीकेसीतच ना, एमएमआरडीए ग्राउंड. नवीन गाण्यांना माझ्या शेजारचा माणूस सरळ ऑफिसचे मेल करत होता, रविवारी

ओवीताई
इथे मी मेटलवाली नाही, पण त्या अल्बमची एक आठवण आहे म्हणून लिहिते. भाऊ तेव्हा बारावीला, त्याच्या खोलीतून दिवसरात्र ढणढण. त्यातलं एक 'ब्रायटर दॅन अ थाउजंड सन्स', अणुबॉम्बवरचं. आजोबा एकदा वैतागून गेले त्याच्या खोलीत, हा काय धिंगाणा म्हणून. भाऊ घाबरून समजावायला लागला, आजोबा हे अणुबॉम्बवर आहे, हजार सूर्यांपेक्षा जास्त प्रकाश असं त्यांचं म्हणणं आहे. आजोबा थबकले. "दिवि सूर्यसहस्रस्य भवेद्युगपदुत्थिता. अकरावा अध्याय, बारावा श्लोक. यांना कोणी सांगितलं हे?" मग खुर्ची ओढून बसले. भावाने अणुबॉम्बवाल्या ओपेनहायमरचं वगैरे सांगितलं, ओपेनहायमर गीता वाचायचा हे आजोबांना माहीत होतं. दोघांनी ते गाणं परत लावलं, आजोबा शब्दांचा कागद हातात घेऊन, चष्मा लावून. शेवटी म्हणाले अर्थ चांगला आहे, चाल वाईट आहे. त्यानंतर आवाज कमी कर म्हणायचे, बंद कर नाही.

मेखरी_सर्कल
@ओवीताई हे गाणं बेंगलोरला वाजवलेलं!! सुरुवातीलाच, तिसरं. आजोबांना न्यायला हवं होतं

रंगभवनी
अर्थ चांगला, चाल वाईट. आमच्या वडिलांनी ऐंशी साली हेच म्हटलं होतं, तेव्हा मात्र अर्थही वाईट होता.

पोस्टिंगवाली
सगळे मुंबई बेंगलोर लिहितायत, मी शिलाँगचं लिहिते. मिस्टर एअर फोर्समध्ये, अप्पर शिलाँगला पोस्टिंग. डिसेंबर २००७, स्कॉर्पियन्स आले पोलो ग्राउंडला. 'ह्युमॅनिटी' नावाचा अल्बम त्याच वर्षी आलेला, त्याची टूर. मला त्यांचं फक्त ते शिट्टीवालं गाणं माहीत, मुलं लहान, थंडी मरणाची, दोघांना माकडटोपी स्वेटर शाली गुंडाळून नेलं. आणि गर्दी बघून थक्क. कॉलेजची पोरं तर होतीच पण जैनसेम नेसलेल्या खासी आज्या, नातवंडं कडेवर, तोंडात क्वाय (आपलं पान-सुपारी समजा), अख्खं गाव. कोणी ढकलाढकली नाही.

नवीन गाणं लागलं की काय होतं ते तिथे मी वेगळंच पाहिलं. त्यांनाही येत नव्हतं ते गाणं, पण पहिल्यांदा कोरस ऐकला आणि दुसऱ्यांदा आला तेव्हा माझ्या मागच्या बायका गायला लागल्या, आणि एका सुरात नाही हो, एक खालून एक वरून, नीट हार्मनी धरून! लहानपणापासून चर्चमध्ये गायलेली माणसं. आपण आरतीला सगळे एकाच पट्टीत ओरडतो, त्यातही ताल सुटतो. मी मिस्टरांना म्हटलं हे लोक बँडपेक्षा चांगले गातायत. मुलगा मधेच झोपला, मुलगी मात्र गायक क्लाउस मायनेने प्रेक्षकांत ड्रमच्या काठ्या फेकल्या त्यातली एक मिळेल म्हणून रडत होती. मिळाली नाही. एका आजीने तिला संत्रं दिलं, तिकडची संत्री काय गोड असतात, आपल्या नागपूरवाल्यांनी रागावू नये.

नागपुरी_तडका
रागावलो आहोत

गेनवाला
@पोस्टिंगवाली ताई हे ऐकायला मी तिथे पाहिजे होतो, कन्सोल बंद करून

पोस्टिंगवाली
@नागपुरी_तडका 😄 माहेर वर्ध्याचं आहे माझं, हक्काने लिहिलं

धारावाहिक
मेटॅलिका गुडगाव २०११ कोणी?? तिकीट, विमान, हॉटेल, सगळं करून गेलो आणि शोच झाला नाही, पुढचं बॅरिकेड तुटलं आणि मग लोकांनी स्टेजच फोडलं. मी तसाच दोन दिवसांनी बेंगलोरला गेलो, तिथे पाऊस आणि चिखल पण शो झाला. नवीन अल्बम वगैरे नव्हता हे मान्य, पण दुःख कुठेतरी सांगायचं होतं

लेगस्टंप
सांग भावा. मी तर क्रिकेट घेऊन बसलोय इथे

कान_नाक_घसा
डॉक्टर म्हणून मधे पडतो, क्षमस्व. वर कोणीतरी कापसाचे बोळे लिहिलंय. कापूस कानात घालून आवाज फारसा अडत नाही, फोमचे इयरप्लग मेडिकलमध्ये स्वस्तात मिळतात ते वापरा. ८५ डेसिबल आठ तास चालतं, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. कॉन्सर्टला त्याच्या वर सहज जातं आणि तुम्ही दोन-तीन तास उभे. दुसऱ्या दिवशी कानात शिट्टी वाजली तर ती आठवण म्हणून मिरवू नका. लहान मुलांना वरून लावायचे मफ मिळतात.

धागा छान आहे. मी स्वतः गझलवाला.

पोस्टिंगवाली
अगंबाई, आमच्या मुलांना माकडटोपी होती फक्त. ऐकू चांगलं येतं अजून, नको तेवढं येतं

गेनवाला
डॉक्टर, आमच्या धंद्यातल्यांचे काय हाल असतील विचारूच नका. मी आता प्लग लावूनच मिक्स करतो. पूर्वी हसायचे, आता सगळेच लावतात

शमा_कोथरूड
@कान_नाक_घसा नवरा आता पन्नाशीकडे, मी हाक मारली की काय काय करतो. बेंगलोरमुळे असेल का?

कान_नाक_घसा
@शमा_कोथरूड ऑडिओमेट्री करून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. आणि मॅच लावली तर कमेंट्री ऐकू येते का तेही बघा, बहुतेकांना येते.

बाळूची_आई
पीजीचं कोणी सांगितलंच नाही

धारावाहिक
ताई हेब्बाळला असेल तर आरटी नगर बघा, ऑफिस जवळ पडेल. सांबार गोड असतं, मुलीला आधीच सांगून ठेवा

बाळूची_आई
गोड सांबार?? कोल्हापूरचे आहोत हो आम्ही

मेखरी_सर्कल
मग डब्यात चटणी देऊन पाठवा. उद्यान एक्सप्रेसवाल्या काकांकडे मिळते चांगली

सोलापुरी_चादर
काका माझ्या आत्याच्या शेजारचे निघाले नंतर, तो किस्सा वेगळाच आहे, जेवून येऊन लिहितो